जमिनीखालच्या केबल आणि पाइप : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

जमिनीखालून वीज, पाणी आणि इंटरनेट नेण्याबद्दल आलेल्या पत्रांतून या वेळी सात प्रश्न निवडले आहेत. पाइपचा खर्च एकूण कामात थोडा असतो. खरा पैसा जातो खोदाईत, आणि चुकलं तर पुन्हा खोदाईत. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मीटर रूमपासून मागच्या पार्किंगपर्यंत ६० मीटर अंतर आहे. तिथे ७.४ किलोवॉटचे सहा ईव्ही चार्जर बसवायचे आहेत. ठेकेदार म्हणतो, दीड फूट चर, त्यात ४ इंची ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप आणि साडेतीन कोर २५ चौरस मिमी ॲल्युमिनियम केबल, एवढं पुरे. आम्ही होकार द्यावा का? (पुणे)

देऊ नका. तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतील.

आधी केबल. ७.४ किलोवॉटचा चार्जर सिंगल फेजवर ३२ अँपिअर घेतो. सहा चार्जर तीन फेजवर वाटले की प्रत्येक फेजवर ६४ अँपिअर येतात, आणि तेही रात्रभर सलग. पीव्हीसी इन्सुलेशनची २५ चौरस मिमी ॲल्युमिनियम केबल थेट मातीत पुरली तर साधारण ७६ अँपिअर वाहून नेते. तीच पाइपमध्ये घातली की आकडा ६३ वर येतो, कारण पाइपमधली हवा उष्णता अडवून धरते. ठेकेदाराने बहुधा पहिला आकडा पाहून केबल ठरवली आहे. पाइप वापरायचा तर केबलच्या तक्त्यातला ‘डक्ट’चा, म्हणजे पाइपमधल्या केबलचा, रकाना बघायचा. हे फार जण विसरतात.

दुसरी चूक साडेतीन कोरमध्ये आहे. कोर म्हणजे केबलच्या आतली एकेक तार. त्या केबलमध्ये न्यूट्रलची तार बाकी तिघींपेक्षा बारीक, साधारण निम्म्या छेदाची असते. मोटारीसारख्या थ्री फेज भाराला ती चालते. तुमचे चार्जर सिंगल फेजचे आहेत. एखाद्या रात्री फक्त एकाच फेजवरच्या दोन गाड्या लागल्या तर सगळे ६४ अँपिअर न्यूट्रलमधून परत येणार, आणि २५ च्या केबलमध्ये न्यूट्रल असते १६ चौरस मिमीची. म्हणून पूर्ण चार कोरची, ५० चौरस मिमी, एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं इन्सुलेशन), आर्मर्ड (लोखंडी कवच असलेली) केबल मागा. अंतिम आकार परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून लेखी घ्या. वाढीव भारासाठी महावितरणकडे त्याचा चाचणी अहवाल लागेलच.

आता पाइप. ड्रेनेजचा पाइप सांडपाणी वाहून नेण्यासाठी बनवलेला असतो. सांध्याच्या आत त्याची कड राहते, आणि केबल ओढताना तिचं वरचं आवरण त्या कडेवर सोललं जातं. त्याऐवजी डीडब्ल्यूसी एचडीपीई पाइप घ्या. तो बाहेरून वळ्यावळ्यांचा आणि आतून गुळगुळीत असतो. त्यावर ‘आयएस १४९३०’ छापलेलं असावं. व्यास ठरवायचा सोपा नियम असा : एकच केबल असेल तर पाइपचा आतला व्यास केबलच्या बाहेरच्या व्यासाच्या किमान दीडपट. ही केबल बत्तीस मिमीच्या आसपास भरेल, म्हणजे आत किमान ४८ मिमी हवेत. तरीही बाहेरून ९० आणि आतून सुमारे ७६ मिमीचा पाइप घ्या, आणि एक नव्हे, दोन टाका. पुढच्या पाच वर्षांत चार्जर वाढणार आहेत. तेव्हा पेव्हर ब्लॉक पुन्हा उखडण्यापेक्षा आत्ता रिकामा पाइप पुरून ठेवणं कितीतरी स्वस्त.

खोली दीड फूट चालणार नाही. केबल टाकण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १२५५ मध्ये, कमी दाबाच्या केबलच्या माथ्यावर किमान ७५ सेंमी माती सांगितली आहे आणि रस्ता ओलांडताना १ मीटर. तुमच्याकडे पाण्याचा टँकर आणि कचऱ्याची गाडी ज्या भागातून जातात, तिथे १ मीटरच धरा.

६० मीटरचा हिशेब असा. चर ४५ सेंमी रुंद आणि साधारण ९२ सेंमी खोल. खोदाई सुमारे २४.७ घनमीटर, म्हणजे पावणेनऊ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). तळ सपाट करून चाळलेल्या क्रश सँडचा ७.५ सेंमीचा थर द्या. त्यावर दोन पाइप, मध्ये एका पाइपाएवढं अंतर सोडून. दोन्ही पाइप चिकटवून टाकले तर एकाची उष्णता दुसऱ्याला लागते आणि मधल्या खाचेत वाळू शिरत नाही. पाइपांच्या बगलेत वाळू हाताने सारून पायाने दाबा, मग माथ्यावर पुन्हा ७.५ सेंमी वाळू. एकूण वाळू दोन ब्रास, सांडलवंड धरून सव्वादोन. त्यावर विटांच्या तीन उभ्या ओळी, मीटरला १३ विटा, म्हणजे ७८०. फुटतूट धरून ८२५ मागवा. या विटांनी पाइपला थोडं बळ मिळतं, पण त्यांचं मुख्य काम पुढच्या खोदणाऱ्याच्या कुदळीला इशारा देणं हे आहे.

उरलेली माती १५ ते २० सेंमीच्या थरांत धुम्मसाने चोपत भरा. पृष्ठभागाच्या ३० सेंमी खाली इशारापट्टी अंथरा. एकदम सगळी माती लोटून वर पाणी मारलं की भराव बसल्यासारखा दिसतो, पण पहिल्याच पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक चराच्या रेषेत खचतात.

६ मीटरच्या नळ्या घेतल्यास दोन्ही रांगा मिळून २० लागतील. कपलरमध्ये रबरी रिंग बसली आहे ना, हे प्रत्येक सांध्याला बघा, नाहीतर त्या फटीतून गाळ आत जातो. चेंबर तीन करा : दोन टोकांना आणि एक मध्ये. पाइप टाकतानाच प्रत्येकात ८ मिमीची नायलॉन दोरी ओवून ठेवा. रिकाम्या पाइपातही. लोखंडी तार ठेवू नका, दोन वर्षांत गंजून तुटते आणि तुकडे आत अडकतात. माती भरण्याआधी आणि भरल्यानंतर अशा दोन्ही वेळा आतल्या व्यासाच्या ८५ टक्के जाडीचा लाकडी ठोकळा दोरीने ओढून पाहा. तो अडला तर पाइप चेपला आहे. ठेकेदाराचं शेवटचं बिल या चाचणीनंतरच द्या.

प्रश्न : पावसाळ्यात केबलच्या पाइपातून पाणी थेट मीटर रूममध्ये येतं. दरवर्षी फोम मारतो, दरवर्षी तो सुटतो. कायमचा उपाय काय? (डोंबिवली)

फोम वाईट नाही, त्याच्यावर टाकलेलं काम चुकीचं आहे. पिचकारीतून येणारा पॉलियुरेथेन फोम धूळ, उंदीर आणि झुरळं थोपवतो. पाइपात फूटभर पाणी साचून मागून दाब देऊ लागलं की तो हळूहळू पाणी पितो आणि केबलच्या कडेने सुटतो. केबल गार-गरम होताना किंचित हलते, त्यानेही फट पडते.

पाण्याला आधी दुसरी वाट करून द्यायला हवी. मीटर रूमच्या भिंतीबाहेर, पाइप आत शिरण्याआधी, ६० बाय ६० सेंमीचं चेंबर बांधा. त्याचा तळ पाइपच्या बुडापेक्षा किमान ३० सेंमी खाली असावा. तळाला काँक्रीट न करता २० ते ४० मिमीची खडी भरा म्हणजे पाणी मुरेल. तुमच्याकडे पावसाळ्यात भूजल वर येत असेल तर मुरणार नाही, उलट वर येईल. तिथे चेंबरच्या तळातून ७५ मिमीचा पाइप काढून पावसाळी गटाराला जोडा आणि त्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर घुशींना राजमार्ग मिळेल. चेंबरपासून इमारतीकडे जाणारा पाइपचा तुकडा बाहेरच्या बाजूला उतरता हवा, मीटरला १ सेंमी एवढा तरी.

हे झाल्यावर तोंड बंद करा. त्यासाठी बोल्ट आवळले की फुगणारे रबरी सील मिळतात. केबलचा आणि पाइपचा व्यास मोजून सांगावा लागतो. रिकाम्या पाइपालाही बूच लावा. पाणी बहुतेक वेळा रिकाम्या पाइपातूनच येतं आणि सगळे फोम मारतात केबलवाल्या पाइपाला.

सील करायचं आणखी एक कारण आहे. आवारात पाइप गॅस असेल आणि जमिनीत कुठे गळती झाली, तर गॅसला इमारतीत शिरायला केबलचा उघडा पाइप ही सोपी वाट ठरते.

पाणी आलेलं असताना मात्र तिथे कोणी हात घालू नये. आधी मुख्य पुरवठा बंद, मग उपसा.

प्रश्न : ८० मीटर पाइपमध्ये केबल ओढताना अर्ध्यात अडकली. जोर लावला तर दोर तुटला. वाटेत तीन काटकोनी एल्बो आहेत. आता काय करावं? (छत्रपती संभाजीनगर)

जोर वाढवून ही केबल निघणार नाही. वळणावर केबल पाइपच्या आतल्या बाजूला घासते आणि लागणारा ओढ गुणाकाराने वाढतो. साधारण घर्षण धरलं तर ९० अंशांच्या एका वळणानंतर ओढ पावणेदोनपट होतो, दोन वळणांनंतर तिप्पट, तीन वळणांनंतर पाचपटीहून जास्त. सरळ पाइपात ४० किलोच्या ओढीने सरकणारी केबल तुमच्याकडे दोनशे किलो मागते. त्यात ते एल्बो प्लंबिंगचे असतील तर केबल तिथे वळूच शकत नाही. १.१ केव्हीपर्यंतच्या मल्टिकोर केबलला तिच्या व्यासाच्या किमान १२ पट त्रिज्येचं वळण लागतं. ३० मिमी केबल असेल तर ३६ सेंमी. प्लंबिंगच्या एल्बोची त्रिज्या त्याच्या पाव हिश्श्याचीही नसते.

केबल उलट बाजूने, जिकडून घातली तिकडेच, परत ओढून काढा. मग मधल्या एल्बोवर खोदा, तो कापून टाका आणि तिथे चेंबर बांधा. बाकी दोन एल्बोंच्या जागी लांब वळणाचे बेंड घाला. नियम म्हणून दोन चेंबरांमध्ये ९० अंशांची दोनपेक्षा जास्त वळणं ठेवू नयेत.

पुन्हा ओढताना केबलचा ड्रम जॅकवर उभा ठेवा, केबल वरच्या बाजूने उलगडू द्या. पाइपच्या तोंडाला बेलमाउथ, म्हणजे घंटेसारखं पसरट गोल तोंड, लावा. तो नसेल तर निदान कड कानशीने गोल करा. ओढण्यासाठी जाळीचा मोजा वापरा, दोर नुसता आर्मरला गाठ मारून बांधू नका. वंगण म्हणून केबलचं खास जेल किंवा शंखजिऱ्याची पूड. ग्रीस आणि गाडीचं जळकं ऑइल अजिबात नको, त्याने पीव्हीसीचं आवरण कालांतराने बिघडतं. एक माणूस घालायच्या तोंडाशी, एक ओढायच्या तोंडाशी, आणि दोघांत फोन चालू. बहुतेक केबल या दोघांचा ताळमेळ नसल्यामुळे खराब होतात.

अडकलेली केबल बाहेर काढल्यावर आवरण पूर्ण लांबी हाताने चाचपून बघा आणि मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासा. आवरण फाटून आर्मर उघडा पडला असेल तर ती केबल पुन्हा जमिनीखाली घालू नका.

प्रश्न : घरापासून विहिरीपर्यंत १८० मीटर केबल न्यायची आहे. जमीन काळी, भारी. ऊस असतो, खोल नांगरट होते. पाण्याच्या पाइपलाइनच्याच चरात केबल टाकली तर चालेल का? (सांगली जिल्हा)

चालेल, पण दोन्ही एकमेकांना चिकटवून नाही. वीज आणि पाण्याच्या पाइपात ३० सेंमी अंतर हवं. पीव्हीसी लाइनचा सांधा सुटला की पाण्याच्या जोराने केबलखालची माती धुऊन जाते आणि केबल लोंबकळते. उद्या पाण्याची लाइन दुरुस्त करायला उतरलेल्या माणसाच्या पावड्याखाली पहिली केबल येऊ नये, हेही आहे. म्हणून चर ६० सेंमी रुंद घ्या, एका कडेला पाणी, दुसऱ्या कडेला केबल.

खोली शेतात ९० सेंमीपेक्षा कमी नको. साधी नांगरट ३० सेंमीच्या आत राहते, पण उसाचा खोडवा मोडल्यावर सबसॉयलर (खोल माती फोडणारं अवजार) घालता तेव्हा तो दीड-दोन फूट जातो. त्याहून चांगलं म्हणजे केबल शेतातून न नेता बांधाच्या कडेने न्या. वीस-तीस मीटर जास्त लागतील, पण नांगराची भीती संपली.

काळ्या मातीचं खरं दुखणं वेगळं आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात. या ओढाताणीत सोल्यूशनने चिकटवलेला कडक पीव्हीसी पाइप सांध्यात तडकतो. डीडब्ल्यूसी किंवा गुंडाळीतला एचडीपीई पाइप थोडा वाकून हे सोसतो. गुंडाळीचा घेतला तर सांधेही कमी. पाइपभोवती १० ते १५ सेंमी चाळलेला मुरूम भरा, मोठे गोटे काढून. केबल आत ताणून नको, दोन्ही टोकांच्या चेंबरमध्ये दीड-दीड मीटरचा वेढा सैल ठेवा.

इथे एक फसगत होते. काळ्या रानात मुरमाने भरलेला चर म्हणजे जमिनीखालचा ओहोळच. आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि उताराने थेट विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीखाली जमतं. म्हणून वरचे ३० सेंमी काळ्या मातीनेच चोपून भरा. उतार असेल तिथे दर १५ ते २० मीटरवर अर्धा मीटर लांबीचा मुरूम वगळून तिथे पूर्ण उंचीची काळी माती ठासा. काम वाफसा असताना करा. चिखलात चोपलेली काळी माती सुकल्यावर ढेकळांसारखी सुटते.

सबमर्सिबल मोटारीची चपटी केबल विहिरीतून वर आली की तिचं काम संपलं. ती पुढे जमिनीत नेऊ नका, तिला आर्मर नसतो आणि उंदीर तिची वाट बघत असतात. स्टार्टरपासून घरापर्यंत आर्मर्ड केबल, आणि दोन्ही टोकांना ग्लँड (केबल घट्ट धरणारा धातूचा सांधा) लावून आर्मर अर्थ केलेला. प्रत्येक वळणावर आणि सरळ भागात दर ३० मीटरला खुणेचा दगड पुरा. एक कच्चा नकाशा काढून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा. पुढच्या पिढीला केबल कुठून गेली हे तोंडी सांगून आठवत नाही.

प्रश्न : जमीन जांभ्याची आहे. फूटभर खाली कातळ लागतो. पाऊण मीटर खोदणं परवडत नाही. (सिंधुदुर्ग)

खोली मिळत नसेल तर तिची भरपाई काँक्रीटने करा. ३० ते ४० सेंमीचा चर काढा. कापलेल्या जांभ्याच्या कडा करवतीसारख्या असतात, त्यामुळे तळाला ५ ते ७ सेंमी वाळू हवीच. पाइपभोवती सर्व बाजूंनी १० सेंमी काँक्रीटचं वेष्टन द्या. ओतताना पाइप तरंगून वर येतो, म्हणून दर मीटरला तारेने खाली बांधा आणि दोन टप्प्यांत ओता : आधी निम्म्या उंचीपर्यंत, ते घट्ट झाल्यावर वरचं. फक्त माणसं चालणार असतील तर एवढं पुरे. गाडी जाणार असेल तर वर जाळी घालून स्लॅब टाका. केबल कंपाउंडच्या गडग्यावरून क्लॅम्प लावून नेता येत असेल, तर मात्र कातळ फोडण्याच्या भानगडीत पडूच नका.

प्रश्न : कारखान्यात रस्त्याखालून चार जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप टाकून प्रत्येकातून एकेक सिंगल कोर केबल नेली आहे. पाइपला हात लावला तर चटका बसतो. केबल कमी पडते का? (इचलकरंजी)

केबल जाड केली तरी पाइप तापतच राहील. एकाच फेजचा एसी प्रवाह लोखंडी पाइपातून गेला की त्याचं चुंबकीय क्षेत्र पाइपच्या धातूत प्रवाह निर्माण करतं आणि पाइप स्वतःच हीटर होतो. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून गेले की ही क्षेत्रं एकमेकांना खोडतात. तेव्हा चारही केबल एका मोठ्या पाइपात घाला, नाहीतर जीआय काढून डीडब्ल्यूसी वापरा. चारही केबल मिळून पाइपच्या आतल्या छेदाच्या ४० टक्क्यांहून जास्त जागा व्यापू नये. रस्त्यावर जड ट्रक येत असतील तर बाहेरून ह्यूम (काँक्रीटचा) पाइप आणि त्यात डीडब्ल्यूसी ही रचना चांगली. केबल जिथे जोडतात त्या पेटीचा लोखंडी पत्रा आणि ग्लँड प्लेट, म्हणजे केबल जिथून आत शिरते तो पत्रा, हेही बघा. चार वेगळ्या भोकांतून चार केबल आत गेल्या असतील तर ती प्लेटही तापते. ती ॲल्युमिनियमची करा.

प्रश्न : विजेच्या पाइपात जागा उरली आहे. इंटरनेटची फायबर त्यातूनच नेली तर काय बिघडतं? आणि खोदण्याआधी खाली काय आहे हे कळायची सोय आहे का? (ठाणे)

फायबरमध्ये वीज नसते, म्हणून ती विजेच्या शेजारी बिघडत नाही हे खरं. पण इंटरनेटवाल्याचा मुलगा जेव्हा दुरुस्तीला येतो आणि विजेच्या चेंबरमध्ये हात घालतो, तेव्हा प्रश्न त्याच्या जिवाचा असतो. शिवाय बऱ्याच फायबरला आत लोखंडी तार किंवा पत्रा असतो. वेगळा पाइप टाका, विजेपासून ३० सेंमी दूर. बाहेरून ४० आणि आतून ३३ मिमीचा पीएलबी डक्ट यासाठीच असतो. त्याची आतली भिंत कायमची निसरडी असते आणि फायबर त्यातून हवेच्या दाबाने फुंकून पुढे नेता येते. चेंबरही वेगळं हवं.

खोदण्याआधीची सोय : दूरसंचार विभागाचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ पासून सुरू आहे. त्यावर जागा आणि तारीख कळवली की तिथे ज्यांच्या वाहिन्या नोंदवलेल्या आहेत, त्या कंपन्यांना सूचना जाते. मात्र आवाराच्या आतल्या खाजगी केबल त्यात नसतात. तिथे केबल लोकेटर भाड्याने आणा किंवा जेसीबी लावण्याआधी मार्गावर आडवे तपासखड्डे हाताने खणा, ३० सेंमी रुंद आणि मीटरभर खोल. विटांची ओळ, वाळू किंवा इशारापट्टी दिसली की जेसीबी बाजूला आणि पुढचं काम फावड्याने. टोकदार पहार तिथे वापरायची नाही.